डायव्हर्टिक्युलर आजारातल्या दुर्मिळ गुंतागुंती आणि त्यांच्या शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायव्हर्टिक्युला म्हणजे नेमकं काय?

मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात, तिथे स्नायूचा थर थोडा कच्चा असतो. वर्षानुवर्षं आतून दाब पडत राहिला की त्या जागी आतलं अस्तर बाहेर डोकावतं आणि छोटा फुगवटा तयार होतो. अशा एका फुगवट्याला डायव्हर्टिक्युलम म्हणतात, अनेकांना डायव्हर्टिक्युला.

बरेच जण त्यांना ‘पिशव्या’ म्हणतात. मी मुद्दाम ‘फुगवटे’ म्हणतो, कारण आपल्याकडे दवाखान्यात ‘पिशवी’चे चार अर्थ होतात: गर्भाशय, लघवीची पिशवी, स्टोमाची (शौचासाठी पोटावर काढलेल्या वाटेची) पिशवी आणि हे फुगवटे. “पिशवीला भोक पडलंय” असं बाहेर सांगितलं की घरातले चौघे चार वेगळ्या काळज्या करत बसतात.

माझ्या कोलोनोस्कोपीत फुगवटे दिसले. ऑपरेशन करावं लागेल का?

जवळजवळ नक्कीच नाही. फुगवटे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. काहींना त्यात सूज आणि जंतुसंसर्ग होतो, म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस. त्यातलेही बहुसंख्य औषधांनी बरे होतात. या पानावर ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते रुग्ण त्यानंतरही उरणारे थोडेच. पण त्यांचं निदान फार उशिरा होतं, कारण दुखणं दिसतं एकीकडे आणि मूळ असतं दुसरीकडे. म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

लघवीतून हवा येते असं वाटतं. असं खरंच होतं का?

होतं. आणि हे लक्षण सांगायला माणसं सर्वात जास्त संकोचतात.

माझ्याकडे आलेले एक निवृत्त शिक्षक आठ महिने लघवीच्या जंतुसंसर्गाची औषधं घेत होते. दर वेळी कोर्स संपला की पंधरा दिवसांत पुन्हा जळजळ, पुन्हा थंडीताप. फाइल जाडजूड झालेली. तपासून झाल्यावर ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टर, एक विचारू? लघवीच्या शेवटी सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा आवाज येतो.” त्या एका वाक्यात निदान होतं. आठ महिन्यांत त्यांना ते कोणी विचारलं नव्हतं, आणि हसतील म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

सुजलेला फुगवटा शेजारच्या मूत्राशयाला चिकटतो, मधली भिंत झिजते आणि आतडं व मूत्राशय यांच्यात आरपार वाट पडते. अशा वाटेला फिस्टुला म्हणतात. आतड्यातला वायू लघवीतून फसफसत बाहेर येतो, काहींना लघवीत शौचाचे कण दिसतात, आणि आतड्यातले जंतू सतत मूत्राशयात उतरत राहिल्यामुळे संसर्ग हटत नाही. पोटदुखी असेलच असं नाही. पुष्कळांना ती आठवतही नाही.

लघवीत हवा येण्याची दुसरी कारणंही आहेत. नुकतीच लघवीची नळी घातलेली असेल तर हवा आत जाते. मधुमेह असलेल्यांत मूत्राशयातल्या काही जंतूंमुळेही वायू तयार होतो. म्हणून तपासणी हवीच.

फिस्टुला म्हणजे भगंदरच ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. भगंदर म्हणजे गुदद्वाराजवळचा फिस्टुला. इंग्रजीत शब्द एकच असला तरी इथला फिस्टुला पोटाच्या आत, मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड नावाच्या वळणदार भागापासून निघतो. क्षारसूत्र, मलम, शेक यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘फिस्टुला’ एवढाच शब्द ऐकून भगंदराचे उपचार घेत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

निदान कसं करतात?

सीटी स्कॅन ही मुख्य तपासणी. नळी घातलेली नसताना मूत्राशयात हवा दिसली, त्याची भिंत जाड झालेली दिसली आणि सिग्मॉइड तिला चिकटलेलं असलं, की निदान जवळपास पक्कं होतं. प्रत्यक्ष छिद्र स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही, त्यासाठी अडून राहू नये.

आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू इथे कामाला येते: खसखस. पेशंटला दह्यातून किंवा पाण्यातून खसखस द्यायची आणि पुढचे ४८ तास लघवी गाळून बघायची. लघवीत खसखशीचे दाणे सापडले तर वाट आहे, यात शंका उरत नाही. चाचणी जुनी, स्वस्त आणि भरवशाची आहे. वाट आहे एवढं ती सांगते, कुठे आणि कशामुळे ते मात्र सांगत नाही. शिवाय संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिकडे राहणाऱ्यांनी इथून खसखस मागवण्याच्या फंदात पडू नये.

कोलोनोस्कोपी जवळपास सगळ्यांची करतो. ती छिद्र शोधायला नसते. आतड्याचा कॅन्सरसुद्धा मूत्राशयात अशीच वाट पाडू शकतो, आणि तो असेल तर ऑपरेशनची आखणीच बदलते.

मूत्राशयाला भोक आहे, तर ते शिवून का मोकळं होत नाही?

भोक मूत्राशयात दिसतं, पण ते पाडलं आतड्याने. आजारी आतडं तसंच ठेवून नुसतं मूत्राशय शिवलं तर टाके टिकत नाहीत आणि वाट पुन्हा पडते. खराब आतडं काढलं की मूत्राशय आपलं आपण भरून येतं, ते निरोगी असतं आणि त्याची भरून येण्याची ताकद चांगली असते. नातेवाइकांना मी सांगतो, गळकी पाइप बदलायची असते, ओली झालेली भिंत नाही.

मग ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी कागदावर चित्र काढून देतो. तुम्हीही आपल्या सर्जनकडून काढून घ्या.

सिग्मॉइड मूत्राशयापासून सोडवतात. खूप वेळा हे बोटाने हळूच चिमटून वेगळं होतं, कापावं लागत नाही. दुर्बिणीतून करत असलो तरी तत्त्व तेच. कॅन्सरची शंका असेल तर मात्र चिमटून सोडवायचं नाही, मूत्राशयाचा चिकटलेला तुकडा आतड्यासोबत एकत्रच काढायचा.

डाव्या बाजूची मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून मूत्राशयात येणारी नळी, याच गोळ्याच्या मागून जाते. जुन्या सुजेने सगळं सिमेंटसारखं झालेलं असतं आणि ती सापडणं अवघड होतं. म्हणून काही वेळा युरॉलॉजिस्ट ऑपरेशनच्या सुरुवातीला तिच्यात बारीक नळी सरकवून ठेवतात. ती नळी हाताला लागली की सर्जनचा जीव भांड्यात पडतो.

आता आतड्याचं. किती काढायचं? सगळे फुगवटे काढायची गरज नसते, ते पार उजव्या बाजूपर्यंत पसरलेले असू शकतात. वरच्या बाजूला मऊ, लवचीक, सूज नसलेलं आतडं लागलं की तिथे थांबायचं. खालच्या बाजूला मात्र तडजोड नाही: जोड गुदाशयावरच (गुदद्वाराच्या वरच्या, आतड्याच्या शेवटच्या भागावरच) आला पाहिजे. मोठ्या आतड्यावर स्नायूच्या तीन पट्ट्या असतात, त्या जिथे पसरून सगळीकडून एकसारखा थर बनवतात तिथून गुदाशय सुरू होतो. तिथे स्नायू सगळीकडून असल्यामुळे फुगवटे होत नाहीत. सिग्मॉइडचा थोडासा भाग खाली ठेवून त्यावर जोड दिला तर आजार पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते. तुमच्या सर्जनला विचारण्यासारखा एकच तांत्रिक प्रश्न सांगा म्हटलं, तर मी हा सांगेन: “खालचा जोड गुदाशयावर येणार ना?”

वरचं आतडं ताण न येता खालपर्यंत पोचावं म्हणून प्लीहेजवळचं वळण सोडवून घ्यावं लागतं. मग स्टेपलरने जोड देतात, ओटीपोटात सलाइन भरतात आणि गुदद्वारातून हवा सोडून बुडबुडे येतात का बघतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसंच.

मूत्राशयाचं छिद्र दिसत नसेल किंवा अगदी बारीक असेल तर टाकाही लागत नाही. मोठं असेल तर विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. मग पोटातली चरबीची झालर, ओमेंटम, आतडं आणि मूत्राशय यांच्यामध्ये अंथरतात, म्हणजे दोन ताज्या जखमा एकमेकींना चिकटत नाहीत. लघवीची नळी साधारण ७ ते १० दिवस राहते. दुरुस्ती मोठी असेल तर नळी काढण्याआधी मूत्राशयात औषध सोडून एक्सरे काढतात.

पोटावर शौचाची वाट काढावी लागेल का?

ठरवून, पूर्वतयारीने केलेल्या फिस्टुलाच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा लागत नाही. आतडं काढणं आणि जोडणं एकाच वेळी होतं.

तातडीच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी. फुगवटा फुटून पोटभर पू किंवा शौच पसरलं असेल, रक्तदाब कोसळलेला असेल, तर खराब आतडं काढून खालचं टोक बंद करतात आणि वरचं टोक पोटावर आणतात. ही हार्टमान शस्त्रक्रिया. फ्रेंच सर्जन आंरी हार्टमान यांनी १९२१ मध्ये ती मांडली ती कॅन्सरसाठी, फुगवट्यांसाठी ती नंतर रूढ झाली. तिने असंख्य जीव वाचले आहेत. अडचण एवढीच की नंतर आतडं परत जोडायचं दुसरं ऑपरेशनही मोठंच असतं, आणि वयस्कर किंवा इतर आजार असलेल्या पुष्कळ रुग्णांत ते कधी होतच नाही. तात्पुरता म्हणून काढलेला स्टोमा कायमचा राहतो.

म्हणून पू पसरलेला असतानाही जोड देता येईल का, यावर बरंच काम झालं. बेल्जियम, इटली आणि नेदरलँड्समधल्या रुग्णालयांनी केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब स्थिर, प्रतिकारशक्ती ठीक आणि वय ८५ च्या आत असलेल्या रुग्णांत, आतडं जोडलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोक वर्षाअखेर जिवंत आणि स्टोमाविना होते. हार्टमान केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ७२ टक्के होतं. जोड दिल्यावर त्याच्या वर लहान आतड्याचा तात्पुरता स्टोमा काढला तरी तो बंद करणं बरंच सोपं जातं.

पण रात्री दोन वाजता, रक्तदाबाच्या औषधावर असलेल्या पेशंटमध्ये सर्जनने हार्टमानचा निर्णय घेतला, तर तो चुकला असं समजू नका.

बायकांमध्ये हे वेगळं दिसतं का?

हो. गर्भाशय आतडं आणि मूत्राशय यांच्यामध्ये असल्यामुळे मूत्राशयाची वाट स्त्रियांमध्ये कमी पडते. ज्यांचं गर्भाशय आधी काढलंय त्यांच्यात ही भिंत नसते. मग आतडं योनीच्या वरच्या टोकाला चिकटतं आणि तिथे वाट पडते. या आजारातल्या सगळ्या फिस्टुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मूत्राशयाचे आणि साधारण चतुर्थांश योनीमार्गाचे असतात.

लक्षण असतं दुर्गंधीयुक्त स्राव, योनीतून वायू सरणं, कधी शौच. बाई घरी एवढंच सांगते, “अंगावरून जातंय.” मग महिनोन् महिने पांढऱ्या पाण्याची औषधं चालतात. साठीच्या पुढच्या, गर्भाशय काढलेल्या बाईच्या अंगावरून जायला लागलं तर हा विचार झालाच पाहिजे. आईला, सासूला शांतपणे आणि एकट्यात विचारा: वास येतो का, वारा सरतो का. त्या आपणहून सांगणार नाहीत.

ऑपरेशन तेच: सिग्मॉइड काढायचं, आतडं जोडायचं. योनीचं छिद्र बहुधा आपोआप भरतं.

वय ८२ आहे, हृदयाचा त्रास आहे. ऑपरेशन न करता चालेल का?

चालू शकतं. मूत्राशयाच्या फिस्टुलात वायू सरण्यापलीकडे फारसा त्रास नसेल, किडनी ठीक असेल आणि कॅन्सर नाही याची खात्री झाली असेल, तर काही वयस्कर रुग्णांना अधूनमधून अँटिबायोटिक देत सांभाळता येतं. वारंवार जंतुसंसर्ग रक्तात जात असेल तर हा मार्ग बंद होतो. अशा वेळी आतड्याला हात न लावता वर फक्त स्टोमा काढून शौच वळवणं हा मधला पर्याय आहे. वाट तशीच राहते, पण त्रास पुष्कळ कमी होतो.

स्कॅनमध्ये ‘जायंट’ डायव्हर्टिक्युलम लिहून आलंय. हे काय?

फुगवटा ४ सेंटिमीटरपेक्षा मोठा झाला की त्याला जायंट म्हणतात. पहिलं वर्णन १९४६ सालचं, फ्रान्समधलं, आणि त्यानंतर जगभर नोंदलेले रुग्ण फार थोडे. फुगवट्याच्या तोंडाशी झडपेसारखी रचना होते, वायू आत जातो पण बाहेर पडत नाही. पोटाच्या साध्या एक्सरेतही मोठा फुगा दिसतो. तो फुटू शकतो, म्हणून जमत असेल तर आतड्याच्या त्या तुकड्यासह काढून टाकतात. सुई घालून हवा काढण्याचा उपाय नको.

आतड्याच्या आजाराने यकृतात पू कसा झाला?

आतड्याचं रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरांमध्ये जंतूंमुळे सूज येऊन गुठळी होते. याला पायलेफ्लेबायटिस म्हणतात. जंतू तिथून यकृतात पोचतात. हुडहुडी भरून ताप, वजन घटणं, कधी थोडी कावीळ. पोट फारसं दुखत नाही.

आपल्याकडे यकृतात पू म्हटलं की आधी अमीबा आठवतो, आणि तसं आठवणं योग्यही आहे. पण पुवात जंतू वाढले आणि पेशंट वयस्कर असला तर ते आले कुठून, हे शोधल्याशिवाय थांबू नये. उपचार मुख्यतः औषधांचा: ४ ते ६ आठवडे अँटिबायोटिक, पू सुईने किंवा नळीने काढणं, आणि गुठळी पसरत असेल तर रक्त पातळ करणारी औषधं. आजारी आतडं काढायचं की नाही, ते सगळं शांत झाल्यावर ठरवतात.

मांडीत पू झाला आणि डॉक्टर म्हणतात मूळ पोटात आहे?

हे मी फार थोड्या वेळा पाहिलंय, पण विसरता येत नाही. फुगवटा पोटाच्या मागच्या बाजूला फुटला तर पू सोअस (कण्याच्या बाजूने मांडीकडे जाणाऱ्या) स्नायूच्या कडेने खाली उतरून जांघेत, मांडीत, कुल्ल्यावर येतो. पोट मऊच. पेशंट लंगडत येतो. आपल्याकडे सोअसमधला पू म्हणजे मणक्याचा टीबी हा विचार आधी येतो, आणि त्यात काही दिवस जातात. मांडीच्या त्वचेखाली दाबल्यावर कुरकुर लागली तर आत वायू आहे. मग एक तासही घालवायचा नसतो. पू मोकळा करणं, मेलेला भाग काढणं, आजारी आतडं काढून स्टोमा करणं हे सगळं तातडीचं.

अपेंडिक्सचं ऑपरेशन करताना फुगवटा सापडला, असं सांगितलं.

आशियाई लोकांत, विशेषतः जपान आणि कोरियात, उजव्या बाजूचे फुगवटे जास्त आढळतात. आपल्याकडेही ते दिसतात. त्यांची सूज हुबेहूब अपेंडिक्ससारखी दुखते. आधी सीटीत कळलं तर बहुधा औषधांनीच भागतं. टेबलवरच कळलं तर फक्त फुगवटा काढतात किंवा, गाठ कॅन्सरची वाटत असेल तर, उजवं मोठं आतडं काढतात.

रक्तस्रावासाठी ऑपरेशन कधी?

फुगवट्यांतून अचानक, वेदना न होता, भरपूर लाल रक्त पडतं. घाबरायला होतं, पण बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं. न थांबल्यास कोलोनोस्कोपीतून क्लिप किंवा बँड, नाहीतर अँजिओग्राफी करून ती रक्तवाहिनी आतून बंद करतात. ऑपरेशन शेवटी. तेही रक्त कुठून येतंय हे आधी शोधून, कारण अंदाजाने एक तुकडा काढला आणि रक्त दुसरीकडूनच येत होतं, ही या शस्त्रक्रियेतली सर्वात वाईट चूक.

गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी हा धोका वाढतो. ॲस्पिरिन हृदयासाठी सुरू असेल तर स्वतः बंद करू नका, विचारा.

आतडं अरुंद झालंय. कॅन्सर तर नाही ना?

कधी कधी ऑपरेशनआधी कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. दुर्बीण त्या अरुंद जागेतून पुढे जात नाही, तुकडा घेता येत नाही. मग कॅन्सर आहे असं धरूनच, आसपासच्या लसिका गाठींसकट ऑपरेशन करतात. रिपोर्टमध्ये नुसती जुनी सूज आली तर ऑपरेशन वाया गेलं असं नाही. अडथळा तर काढायचाच होता.

स्टेरॉइड सुरू आहेत, किंवा किडनी बदललेली आहे.

मग नियम बदलतात. या रुग्णांमध्ये आतडं फुटलं तरी ताप आणि दुखणं दबलेलं राहतं. साधं “पोट जड वाटतंय” हेसुद्धा गांभीर्याने घ्यावं लागतं, आणि एकदा मोठा झटका येऊन गेला की ठरवून ऑपरेशन करण्याचा सल्ला लवकर दिला जातो.

खर्चाचं काय?

दाखल होण्याआधीच विचारा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. रेशनकार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा, तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते सांगतील. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेबद्दल चौकशी करा. स्टोमा निघण्याची शक्यता असेल तर पिशव्यांचा महिन्याचा खर्चही आधी विचारून ठेवा, तो कोणी आपणहून सांगत नाही.

नंतर टोमॅटो, पेरू, शेंगदाणे कायमचे बंद?

नाही. बिया फुगवट्यात अडकतात ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. अमेरिकेतल्या सुमारे ४७ हजार पुरुषांवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत आजार वाढलेला दिसला नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही आठवडे मऊ भात, वरण, ताक. मग हळूहळू भाकरी, उसळी, पालेभाज्या. पाणी पुरेसं प्या. तंबाखू आणि सिगारेट मात्र सोडाच, आतड्याचा जोड भरून येण्यात सिगारेट अडथळा आणते.

मुलांचीही तपासणी करून घ्यावी का?

फक्त फुगवटे शोधण्यासाठी नको. प्रवृत्ती काही प्रमाणात घराण्यात असते हे खरं, पण त्रास नसताना फुगवटे सापडून उपचार काही बदलत नाही. घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर मात्र कोलोनोस्कोपी कोणत्या वयात करायची, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.